ट्रिगर हलका केला की स्कोअर वाढतो का?

चिपळूणच्या एका पालकांनी विचारलंय, त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. मुलगा चौदा वर्षांचा, १० मीटर एअर रायफल मारतो, ओपन साइट (मागे खाच आणि नळीच्या टोकाला माशी), क्लबची स्प्रिंगवाली रायफल, म्हणजे आतल्या स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणारी. प्रॅक्टिसला ४०० पैकी साडेतीनशेच्या आसपास जातो पण जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत ३२८ वर आला. मुलगा म्हणतो ट्रिगर फार जड आहे. क्लबमधल्या एका सीनियरने सांगितलंय की ट्रिगरच्या आतली स्प्रिंग थोडी कापतो, सिअर (पिस्टनला अडवून धरणारी खाच) घासून देतो, ट्रिगर एकदम हलका होईल. दुसरा कुणीतरी म्हणतो ते काही करू नका, सरळ परदेशी मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेसाठीची, घ्या, तिचा ट्रिगर शंभर ग्रॅमचा असतो. आता विभागीय स्पर्धा कोल्हापूरला आहे, तोवर काय करू असा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं. स्प्रिंग कापू नका, सिअरला कानस लावू नका. रायफल घ्यायची घाईही आत्ता नको. ट्रिगर जड आहे ही तक्रार खरी असू शकते, पण त्या २०-२२ मार्कांतले किती मार्क ट्रिगरचे आणि किती बोटाचे हे अजून कुणी तपासलेलं नाहीये, आणि ते तपासायला एक सकाळ पुरते.

मी तळकोकणात गेली बरीच वर्षं मुलांना एअर रायफल शिकवतोय आणि आमच्या भागातल्या क्लबांच्या रायफली दुरुस्त करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) ब्राँझ आणलं, तो राधानगरीचा, म्हणजे आमच्या कणकवलीकडून फोंडा घाट चढून गेलं की पलीकडचाच तालुका, तेव्हापासून तर शिकायला येणाऱ्या मुलांची रांग लागलीय आणि प्रत्येक आईबापाला पहिल्या महिन्यातच ट्रिगर किती ग्रॅमचा पाहिजे हे जाणून घ्यायचं असतं. काळजीपोटीच विचारतात, त्यात गैर काही नाही.

आता मुळात वजनाने होतं काय ते बघू. ट्रिगरचं वजन म्हणजे शॉट सुटायला बोटाने किती जोर लावावा लागतो ते. हा जोर नळीची दिशा बदलत नाही, जर तो अगदी सरळ मागे गेला तर. बोट मागे ओढतं, त्याच हाताचा तळवा आणि अंगठा रायफलला धरून असतात, दोन्ही जोर एकमेकांना मारतात आणि नळी जिथे होती तिथेच राहते. अडचण अशी की कुणाचंच बोट अगदी सरळ मागे येत नाही. समजा दहा अंश तिरकं आलं, तर लावलेल्या जोराचा साधारण सहावा हिस्सा बाजूला जातो. ट्रिगर १२०० ग्रॅमचा असेल तर सुमारे २०० ग्रॅमचा ढकला आडवा, १२० ग्रॅमचा असेल तर फक्त २० ग्रॅमचा. हलक्या ट्रिगरचा फायदा म्हणतात तो एवढाच आहे, चूक तीच राहते पण तिची किंमत कमी होते. खोटा फायदा नाहीये हा, चांगलाच मोठा आहे, पण चूक गेलेली नसते हे लक्षात ठेवा.

आणि ही किंमत किती बारीक हिशोबात मोजली जाते ते बघा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, नवाचं वर्तुळ साडेपाच, आठाचं साडेदहा, म्हणजे एका रिंगवरून पुढच्या रिंगवर जायला अडीच मिलिमीटर. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरा, तर दहा मीटरवर अडीच मिलिमीटर सरकायला नळीचं टोक इथे पाव मिलिमीटर हललं तरी पुरतं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. तेवढ्या हालचालीला एक मार्क. म्हणून बाजूचा २०० ग्रॅमचा ढकला ही किरकोळ गोष्ट नाही, विशेषतः रायफल हलकी असेल तर. मॅच रायफल साडेचार-पाच किलोच्या घरात जाते, नियमात साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे, आणि तुमच्या क्लबची रायफल बहुतेक तीन-साडेतीन किलोची असेल. जड रायफलला ट्रिगर हलका आणि हलक्या रायफलला ट्रिगर जड, म्हणजे नवीन मुलाला दोन्हीकडून वाईट वाटणी येते, हे मात्र तुमच्या मुलाच्या बाजूने बोलायला हवं.

पण नुसतं वजन बघू नका. ट्रिगरमध्ये वजनापेक्षा मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, दर वेळी तो त्याच जोराला सुटतो का. दोन, सुटताना आधी खरखर, अडकणं, सरपटणं असं काही होतं का, का स्वच्छ सुटतो. आठशे ग्रॅमचा ट्रिगर रोज आठशेलाच सुटत असेल तर बोट त्याला ओळखतं, महिन्याभरात हात त्याच्याशी जमवून घेतो. पण एकदा पाचशेला, एकदा सातशेला, मध्येच साडेचारशेला सुटला तर मुलाला शॉट कधी जाणार ते कळतच नाही, कधी लवकर जातो म्हणून दचकतो, कधी जातच नाही म्हणून शेवटी हिसका देतो. कापलेल्या स्प्रिंगचा आणि घासलेल्या सिअरचा ट्रिगर नेमका असाच होतो. सिअरच्या खाचेवर कठीण केलेला पातळ थर असतो, कानशीने तो गेला की आतलं मऊ लोखंड रोज थोडं थोडं झिजत राहतं आणि ट्रिगरचं वजन दर आठवड्याला बदलत जातं. त्यात एक दिवस कॉक करताना (स्प्रिंग दाबून रायफल तयार करताना) किंवा रायफल जमिनीला जरा आपटली तरी आपोआप सुटते. स्प्रिंगची रायफल कॉक करताना नळी मधून खाली वाकवून उघडलेली असते, पेलेट (शिशाची छोटी गोळी) घालायला बोटं नळीच्या मागच्या तोंडापाशी असतात, त्या वेळी सिअर सुटलं तर नळी झपकन वर येते आणि बोट चिरडतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात अशी रायफल देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो.

आता हलक्या ट्रिगरबद्दल जे फारसं कुणी सांगत नाही ते. अगदी हलका ट्रिगर नवीन मुलाला घाबरवतो. पन्नास ग्रॅमच्या ट्रिगरवर बोट ठेवायचीच भीती वाटते, मग मुलगा बोट ट्रिगरपासून थोडं लांब हवेत धरतो आणि निशाणा दहावर आला असं वाटलं की टपली मारतो. ही टपली जड ट्रिगरवरच्या हिसक्यापेक्षा वाईट, कारण बोट वेगाने येऊन आदळतं. आमच्याकडे एक मालवणकडचा मुलगा दुसऱ्या क्लबातून आला होता, मॅच रायफल घेऊन, ट्रिगर कुणीतरी अगदी शेवटच्या टोकाला हलका करून दिलेला. दर दोन-चार शॉटला एक सहा किंवा पाच लागायचा आणि विचारलं की म्हणायचा, "सर, गोळी आपसूक गेली, माका कळलाच नाय." मी त्याचा ट्रिगर जड केला. पहिला टप्पा वाढवला, म्हणजे बोट टेकायला जागा मिळाली, आणि दुसरा टप्पा थोडा. त्याला आधी पटलं नाही, पण पंधरवड्यात ते सहा-पाच गेले, कारण आता बोट ट्रिगरवर विश्वासाने बसायला लागलं.

टप्पे म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅच ट्रिगर बहुतेक दोन टप्प्यांचा लावतात. पहिला टप्पा मोकळा, बोट मागे येतं, थोडा दाब लागतो आणि मग एक भिंत लागते. तिथे थांबता येतं. त्या भिंतीवर थोडासा जोर वाढवला की शॉट. समजा एकूण शंभर ग्रॅम असेल तर त्यातले साठ-सत्तर पहिल्या टप्प्यातच घेऊन ठेवायचे, म्हणजे शेवटच्या क्षणाला बोटाला फक्त तीस-चाळीस ग्रॅम वाढवायचे राहतात. चांगल्या नेमबाजाचा ट्रिगर आपल्याला हलका वाटतो तो यामुळे. पूर्वीच्या ली-एन्फिल्ड या लष्करी रायफलचा ट्रिगरसुद्धा दोन टप्प्यांचाच होता, दुसऱ्या टप्प्याला पाच ते साडेसहा पाऊंड, म्हणजे साधारण सव्वादोन ते तीन किलो, आणि त्या रायफलीवर लोकांनी उत्तम नेमबाजी केलीय. अर्थात ती रायफल चार किलोच्या आसपासची होती आणि टार्गेटही वेगळं होतं, दहा मीटरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याशी तिची तुलना करू नका, मी फक्त एवढंच म्हणतोय की जड ट्रिगरवर मारताच येत नाही असं नाही.

नियमांचंही विचारलंय म्हणून लगेच सांगतो. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम, १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम किमान लागतं आणि पिस्तुलाला खरोखर वजन लटकवून तपासतात. तुमच्या मुलाला त्यामुळे नियमाची काही अडचण नाही, ट्रिगर जड-हलका कसाही चालेल.

आता खरा मुद्दा. तो दोष ट्रिगरचा आहे का बोटाचा आहे का मुळात उभं राहण्याचा, हे वेगळं कसं काढायचं. मी तीन गोष्टी करतो, याच क्रमाने.

पहिली, रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मोठ्या माणसाने दहा शॉट मारायचे. स्प्रिंगची रायफल कडक वस्तूवर टेकवू नका, पिस्टनच्या झटक्याने ती उडते आणि ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) उगाच पसरतो, मऊ पिशवी किंवा हाताचा तळवा मध्ये हवा. ग्रुप जर एकाच फाटक्या भोकाएवढा आला तर रायफल, नळी, पेलेट ठीक आहे, पुढे चला. इथेच पसरला तर ट्रिगरचा विचार सोडा, साइटचे स्क्रू, नळीचा जोड आणि पेलेट बघा. अर्ध्या लोकांचं काम इथेच संपतं.

दुसरी, ट्रिगर मोजा. किराणा दुकानातला डिजिटल काटा आणि एक रिकामी पाण्याची बाटली बास झाली. बाटलीच्या तोंडाला दोरी, दोरीला तारेचा गोल आकडा, आकडा ट्रिगरवर नेमका जिथे बोट बसतं तिथे. एकाने रायफल उभी धरायची, नळी वर, दुसऱ्याने बाटलीत हळूहळू पाणी ओतायचं, सुटलं की थांबायचं आणि बाटली आकड्यासकट काट्यावर ठेवायची. इथे एक अडचण आहे, स्प्रिंगची रायफल रिकामी सोडली की पिस्टन समोर जोरात आदळतो आणि सील खराब होतं, त्यामुळे पेलेट घालूनच मोजायचं, म्हणजे नळी आभाळाकडे करून चालणार नाही. मग काय करायचं, रायफल आडवी टेबलावर पक्की धरायची, नळी टार्गेटकडे, मागे पेलेट अडवणारा बॉक्स, आणि दोरी ट्रिगरपासून सरळ मागे आणून टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या कप्पीवरून खाली सोडायची. जरा खटाटोप आहे पण मोजमाप बरोबर येतं. पीसीपी रायफल (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) असेल आणि तिला ड्राय फायरची, म्हणजे पेलेटशिवाय ट्रिगर सोडायची, सोय असेल तर हा त्रासच नाही. दहा वेळा मोजा आणि सगळे आकडे लिहून काढा. सरासरीकडे नंतर बघा, आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. त्यांच्यात दहाव्या हिश्शापर्यंत फरक असेल तर ट्रिगर तब्येतीने ठीक आहे. पाचवा हिस्सा किंवा जास्त असेल तर तो ट्रिगर आजारी आहे, मग तो जड असो नाहीतर हलका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगते. मुलाला नेहमीसारखा उभा करा, नेहमीसारखी रायफल धरू द्या, उजवा हात ग्रिपवर जसा असतो तसाच, फक्त ट्रिगरचं बोट बाहेर सरळ. कोचने त्याच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, आपला अंगठा ट्रिगर गार्डच्या मागच्या बाजूला आणि तर्जनी ट्रिगरवर, चिमटीत धरल्यासारखं, रायफलला दुसरीकडे कुठेही हात लावायचा नाही. मुलाने फक्त निशाणा सांभाळायचा, बाकी काही करायचं नाही, कधी सुटणार ते त्याला माहीत नाही. कोचने तीन-चार सेकंदांत हळूहळू दाब वाढवत सोडायचं. असे दहा शॉट एका कार्डावर (कागदी टार्गेटवर). मग लगेच त्याच पोझिशनमध्ये मुलाने स्वतः दहा शॉट दुसऱ्या कार्डावर. दोन्ही कार्डं शेजारी ठेवा.

देवगडच्या एका मुलीचं असंच केलं होतं. मी दाबलेले दहाच्या दहा एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे होते, तिचे स्वतःचे त्याच्या दुप्पट पसरलेले, आणि त्यातले बरेचसे एकाच बाजूला, उजवीकडे जरा वर. तिचा उभं राहण्याचा काही दोष नव्हता, पूर्ण ट्रिगर दाबण्याचाच. मग मी तिचा हात बघत बसलो, शॉटकडे न बघता. तर्जनी दाबायला लागली की बाकीची तीन बोटंही ग्रिपवर आवळली जात होती, अगदी नखं पांढरी होईपर्यंत, कारण त्या रायफलचा ट्रिगर किलोच्या वर होता आणि एवढा जोर एकट्या बोटाने लावायची हाताला सवय नसते, सगळी मूठच मदतीला येते. जड ट्रिगर असा घात करतो, एका बोटाचं काम पूर्ण हाताचं करून टाकतो. तिला मी दोन गोष्टी करायला लावल्या. शॉट सुरू करायच्या आधीच तीन बोटांची पकड ठरवायची, ती मग शॉट जाऊन साइट परत स्थिर होईपर्यंत बदलायची नाही. आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर, बोटाची बाजू लाकडाला कुठेही टेकायची नाही, टेकली तर बोट मागे येताना रायफललाही बाजूला नेतं. ट्रिगरला आम्ही हात लावला तो शेवटी, आणि तोही फक्त साफ करायला.

उलट दोन्ही कार्डं सारखीच पसरलेली आली तर ट्रिगर हलका करून काहीही मिळणार नाही. मग पायांची जागा, कमरेचा आधार, डाव्या कोपराची जागा आणि रायफल नैसर्गिकपणे कुठे बघतेय ते तपासायला लागेल. डोळे मिटून, दोन श्वास घेऊन उघडले की माशी टार्गेटवरच दिसली पाहिजे, शेजारच्या लेनवर नाही. हा वेगळाच विषय आहे, इथे शिरत नाही.

स्पर्धेतल्या घसरणीचंही कारण बहुतेक इथेच सापडेल. प्रॅक्टिसला ३५०, स्पर्धेत ३२८, रायफल तीच, ट्रिगर तोच. म्हणजे बदललं ते दाबणं. डोळ्याने दहा दिसला आणि मग बोटाला हुकूम दिला तर मधे साधारण ०.२ सेकंद जातात, माणसाच्या प्रतिक्रियेला तेवढा वेळ लागतोच, आणि त्या वेळात उभ्याने धरलेली रायफल दहावरून आठावर सहज जाऊन येते. शिवाय स्प्रिंगच्या रायफलमध्ये पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनचा झटका सुरू झालेला असतो. म्हणून दहा दिसला की मारायचा, ही पद्धत कायम उशिरा पोचते. स्पर्धेत मुलं नेमकी तेच करतात, दहाची वाट बघतात, दहा-बारा सेकंद धरून ठेवतात, हात दमतो, नजर जड होते आणि शेवटी एकदम हिसका. मी शिकवतो ते असं की माशी काळ्या वर्तुळाखाली आपल्या नेहमीच्या जागी येऊन शांत व्हायला लागली की दाब सुरू करायचा, ती थोडी डोलली तरी दाब चालू ठेवायचा, आणि सात-आठ सेकंदांत गेला नाही तर रायफल खाली घ्यायची. खाली घेणं हा कमीपणा नाही, वेळ भरपूर असतो. ज्यांच्याकडे स्कॅट (नळीची हालचाल पडद्यावर दाखवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आहे त्यांना हे पडद्यावर स्पष्ट दिसतं, शेवटच्या ०.२ सेकंदाची रेघ वेगळ्या रंगात येते आणि हिसका असेल तर ती रेघ एकदम एका बाजूला पळालेली असते. स्कॅट नसेल तर मुलाने प्रत्येक शॉटनंतर कार्डाकडे न बघता सांगायचं, कुठे गेला. सांगितलेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की समजायचं ट्रिगरवर मुलाचं लक्ष आहे.

आता आपल्या हवेबद्दल, कारण तुम्ही चिपळूणचे आहात आणि हे पुण्या-मुंबईतला कोच सांगणार नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडची ओली हवा, किनाऱ्याजवळ खारी, ट्रिगरच्या आत जाऊन बसते. सिअरवर गंजाचा अगदी पातळ थर आला तरी खरखर सुरू होते, आणि तोच ट्रिगर मे महिन्यात सातशेचा असतो तो ऑगस्टमध्ये नऊशेचा झालेला असतो. मग लोक तेल घालतात, आणि घरात सापडतं ते खोबरेल. माझ्याकडे आलेल्या जड ट्रिगरच्या रायफलींमध्ये खोबरेल तेलाचा हिस्सा फार मोठा आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी सात वाजता रेंज उघडली की ते आत घट्ट झालेलं असतं आणि दुपारी अकराला पातळ. एकाच दिवसात दोन ट्रिगर. वर ते जुनं होऊन चिकट पिवळा थर धरतं, त्यात जांभ्याची लाल धूळ बसते, आणि मी ट्रिगरचा डबा उघडतो तेव्हा आत अक्षरशः विटकरी रंगाची पेस्ट असते. ती पांढऱ्या रॉकेलने किंवा पेट्रोलच्या ओल्या ब्रशने धुऊन, कोरडी करून, सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाने एक थेंब दिला की ट्रिगरचं वजन पुष्कळदा आपोआप खाली येतं आणि मुख्य म्हणजे दर वेळी सारखं येतं. तेल मोजकंच, ट्रिगरमधून वाहून पिस्टनच्या नळकांड्यात गेलं तर तिथे दाबाने पेट घेतं, धूर येतो आणि पेलेटचा वेग दर शॉटला वेगळा होतो. हे काम क्लबच्या आर्मररकडून (रायफली दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घ्या, घरी स्प्रिंगची रायफल उघडू नका, मेनस्प्रिंग ताणाखाली असते आणि तोंडावर येते.

घामाचंही आहे. एप्रिल-मेमध्ये बंद हॉलमध्ये जाड जॅकेट घालून उभं राहिलं की बोट ओलं होतं आणि ट्रिगरवर घसरतं, मग दर शॉटला बोटाची जागा बदलते. शेजारी कोरडा नॅपकिन ठेवा, प्रत्येक शॉटला बोट आणि ट्रिगरची पट्टी दोन्ही पुसायची. इतकी साधी गोष्ट, पण मुलांना सांगितल्याशिवाय सुचत नाही.

रायफलला बाहेरून ट्रिगरचा अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू असेल तर तो फिरवायला हरकत नाही, पण माहितीपत्रक बघून, क्लबच्या माणसासमोर, पाव पाव फेरा. आधी ट्रिगरची पट्टी पुढे-मागे होत असेल तर बोट काटकोनात बसेल अशी जागा ठरवा, मग पहिला टप्पा, मग वजन, आणि शेवटी शॉटनंतर ट्रिगर मागे किती जातो ते. एका दिवशी एकच गोष्ट बदला. बदलल्यावर कॉक केलेली, पेलेट न घातलेली रायफल बटाकडून रबरी मॅटवर हलकेच आपटून बघा, नळी सुरक्षित बाजूला ठेवून, सुटली तर स्क्रू लगेच मागे. मोजायच्या आणि सोडायच्या कामाला पेलेट लागतोच, पण या तपासाला पेलेट नको. नवीन मुलाला माझ्याकडे अ‍ॅडजस्ट होणारी रायफल असेल तर मी एकूण दीडशे-दोनशे ग्रॅमवर सुरू करतो, आणि दोन कार्डं सारखी यायला लागली की शंभरच्या दिशेने आणतो. त्याखाली जायची गरज मला फारच थोड्या मुलांत दिसली.

मधेच एक, कारण हे वाचणाऱ्यांत बागायतदारही असतात आणि ते विचारतात. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक असेल तर तिचा चाप हलका करायचा विचारही करू नका. रात्री बॅटरी घेऊन कातळावरून, गडग्यावरून उड्या मारत डुकरामागे जाताना हलका चाप स्वतःच्या किंवा सोबतच्या माणसाच्या जिवावर येतो. तिथे अर्धा मिलिमीटरचा ठिपका मारायचा नसतो. आणि परवान्याच्या बंदुकीचं काही काम असेल तर ते परवानाधारक गनस्मिथकडेच.

आता मॅच रायफल घेण्याबद्दल. शेवटी ती लागेल, मुलगा टिकला आणि पीप साइटवर (बारीक भोकातून बघायच्या साइटवर) गेला तर लागेलच, त्यात वाद नाही. चांगल्या ट्रिगरचा फायदा खराच आहे हे वर सांगितलंय. पण ती लाखांच्या घरात जाते, आणि आत्ता विभागीय स्पर्धेच्या तोंडावर नवीन रायफल, नवीन वजन, नवीन ट्रिगर दिला तर पहिले दोन-तीन महिने स्कोअर खालीच येतो, हे मी जवळपास प्रत्येक मुलात बघितलंय. शिवाय हिसका मारायची सवय घेऊन शंभर ग्रॅमच्या ट्रिगरवर गेलेला मुलगा काही दिवस छान मारतो, सगळे खूश होतात, आणि मग दडपण आलं की तीच सवय परत वर येते, फक्त आता ती दिसायला जास्त कठीण असते. त्यामुळे माझा क्रम असा, आधी ही रायफल धुऊन साफ करून मोजा, तीन बोटांची पकड आणि सात-आठ सेकंदांचा नियम मुलाच्या अंगी बाणू द्या, कोल्हापूरला याच रायफलवर जाऊ द्या.

या रविवारी क्लबच्या कोचना सांगून ते दहा-दहा शॉट मारून घ्या, दोन्ही कार्डांवर पेनाने "सर" आणि "स्वतः" असं लिहा, बाटलीच्या मोजमापाचे दहाही आकडे लिहा, आणि मला पाठवा. रायफलची ऑर्डर त्याआधी देऊ नका.